पश्चिमेच्या खिडकीतले दोन दिवे

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे घारबाई म्हणत. डोळे काही घारे नव्हते, चांगले काळेभोर होते. नाव पडलं होतं ते घारीसारख्या नजरेवरून. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या रांगेने पुढे सरकतात, त्यांच्या मागे एक पांढरा उजेडाचा पडदा असतो, आणि समोर स्टुलावर बसलेल्या माणसाने त्या उजेडात प्रत्येक बाटलीचं पोट, मान आणि बूड पाहून घ्यायचं असतं. कुठे केसाएवढी चीर, कुठे काचेत अडकलेला बुडबुडा, कुठे न वितळलेला खडा. खोट दिसली की बाटली उचलायची, पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची आणि बाजूच्या खोक्यात टाकायची. घारबाई सव्वीस वर्षं त्या स्टुलावर बसली होती.

एकदा तिने अख्खा पट्टाच थांबवला होता. सुपरवायझर हातवारे करत धावत आला. तिने एक बाटली उजेडासमोर धरली आणि गळ्याखाली बोट ठेवलं. त्याला काहीच दिसेना. भिंग आणलं, तेव्हा चीर दिसली. मग साचा काढून पाहिला तर साच्यालाच तडा गेलेला. त्या दिवसापासून घारबाईला काही दिसलं म्हणजे ते असतंच, असं कारखान्यात धरून चालत. वाईट एवढंच झालं, की तीही तसंच धरून चालायला लागली.

घरी तिच्या या नजरेला सुट्टी नसे. मीटर पाहायला आलेल्या माणसाने आकडा लिहिला की ती पुन्हा शिडीवर चढून तो पडताळून बघायची. पोस्टमन दोन दिवस आला नाही की पत्रं कुणीतरी मध्येच फोडून वाचतंय असं तिला वाटायचं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची नणंद अशा दोघीच. नणंद टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे नंबर जोडून दिलेली. घारबाई जुन्या वळणाने तिला ‘वन्सं’ म्हणायची, अहो-जाहो करायची. वन्सं मात्र तिला ‘वहिनी, तू’ म्हणून मोकळ्या व्हायच्या. दोघींचं तसं गूळपीठ होतं, पण माणूस पारखायची रीत वेगळी. एकीचा विश्वास डोळ्यांवर, दुसरीचा कानांवर.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला गच्चीवरची एकुलती खोली भाड्याने दिली, ती वन्संनी. घारबाई कामावर असताना. माणूस पस्तिशीचा, एकटा, शहराच्या गटार विभागात नकाशे काढायच्या नोकरीला. सामान म्हणजे एक ट्रंक, एक टेबल आणि कागदांच्या लांबलचक गुंडाळ्या. जिन्यात भेटला तर मान लववायचा आणि भिंतीला चिकटून वाट द्यायचा. घारबाईने काही विचारलं की कान लाल करून उभा राहायचा, मग खिशातून चिठ्ठी काढून लिहून द्यायचा. ‘टाकीत पाणी किती वाजता चढतं?’ ‘दाराची कडी सैल झाली आहे.’ अक्षर छापल्यासारखं.

“तोंड असताना कागद कशाला लागतो?” घारबाईने वन्संना विचारलं.

वन्सं म्हणाल्या, स्वभाव असेल एकेकाचा. घारबाईच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तिने त्याचं नाव पाडलं नकाशेवाला, आणि त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा तिला आपसूक पाठ झाल्या.

दिवा तिला पहिल्यांदा दिसला तो कारखान्याच्या बसमधून. सहाची पाळी सुटली होती, सूर्य नुकताच बुडाला होता, आणि डाव्या बाजूच्या खिडकीत, शेतांच्या पलीकडे अगदी खाली, एक पांढरा ठिपका लागलेला. कुठल्याही चांदणीपेक्षा मोठा, आणि लुकलुकत नव्हता. विमान म्हणावं तर जागचा हलत नव्हता, दिवा म्हणावं तर त्याला खांब नव्हता. बस निघाली. झाडं मागे पळाली, विजेचे खांब मागे पळाले, वीटभट्टीची चिमणी मागे गेली. ठिपका तेवढा बसच्या बरोबरीने आला. बस वळली तेव्हा तो क्षणभर पुढच्या सीटआड गेला आणि पुन्हा खिडकीत हजर झाला.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम दोन थांबे आधी उतरली. बंद पडलेल्या टायरच्या दुकानासमोर उभी राहिली. ठिपकाही उभा राहिला. ती चालायला लागली, तोही छपरांवरून चालायला लागला. ती झटकन एका बोळात शिरली आणि दुसऱ्या टोकाने बाहेर आली. तो तिथेच, जणू तिची वाट बघत. घरी येऊन तिने स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी उघडली, तर पाण्याच्या उंच टाकीशेजारी तो लागलेलाच. तासाभराने खाली उतरत गेला, लालसर झाला, थरथरला, आणि कुणी वात खाली करावी तसा विझला.

तिने वन्संना हाताला धरून खिडकीशी आणलं, ते दुसऱ्या संध्याकाळी.

“शुक्राची चांदणी असेल,” वन्सं चष्मा सारखा करत म्हणाल्या.

“ती पहाटे उगवते. लहानपणापासून ऐकतेय मी. ही संध्याकाळची आहे.”

वन्संनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं. त्यांनीही ती पहाटेचीच ऐकली होती.

मग घारबाईने कामच सुरू केलं. जी गोष्ट ती बाटल्यांशी करायची तीच आता खिडकीच्या काचेशी. एक खुर्ची ठरलेल्या फरशीवर ठेवायची, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवायची म्हणजे डोळा रोज एकाच जागी येईल, आणि घड्याळात बरोबर पावणेसात झाले की काचेवर मेणाच्या पेन्सिलीने टिंब. टिंबाशेजारी तारीख. वहीत वेगळी नोंद: रंग, ढग, विझायची वेळ. आठ दिवसांनी टिंबांची ओळ बघून ती चक्रावली. दिवा रोज थोडा वर चढत होता आणि रोज थोडा उशिरा विझत होता. म्हणजे त्याची हिंमत वाढत होती.

तिसऱ्या आठवड्यात तिला दुसरा दिवा सापडला. तो बराच वर होता, जरा पिवळट, पहिल्यापेक्षा मंद, पण तोही न लुकलुकणारा. त्याचीही टिंबं काढायला घेतली. हा उलट वागत होता. रोज बोटभर खाली उतरत होता, अगदी मोजून मापून. एक चढतोय, दुसरा उतरतोय. तिने पट्टी घेऊन दोन्ही ओळी पुढे वाढवल्या. त्या एकमेकींना भेटत होत्या ती तारीख येत होती बारा.

एवढं सगळं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून काही नव्हतं. दिवे होते, पण दिव्यांमागचा माणूस नव्हता. तो तिला गच्चीवर मिळाला.

वाळलेले कपडे आणायला ती तिन्हीसांजेला वर गेली होती. दाराशीच थबकली. नकाशेवाला कठड्याशी, पश्चिमेकडे तोंड करून उभा होता. हातात एक चपटं काळं यंत्र, ते ओठांजवळ धरलेलं, आणि तो त्यात हळू आवाजात एकेक शब्द सोडत होता. “पूल. पा... पाणी. पे... पेटी. प... पश्चिम.” मग थांबला, काहीतरी दाबलं, आणि पुन्हा. “बंद. ब... बाजू. ब... बारा.”

बारा. तिने दोरीचा आधार घेतला. चिमटे खाली पडले, तसा तो दचकून वळला, यंत्र खिशात घातलं आणि मान खाली घालून खोलीत गेला. पश्चिमेला ते दोन दिवे लागलेले.

त्या दिवसापासून ती रोज काहीतरी निमित्त काढून जिन्यात थांबू लागली. रोज तीच वेळ, तीच दिशा, तसलेच तुटक शब्द. कधी ‘ट’चे, कधी ‘क’चे. तिने ते वहीत उतरवून घेतले आणि त्यांतून काही अर्थ निघतो का बघत बसली. वन्संना तिने एकदा जिन्यात उभं करून ऐकवलंही. वन्सं कान देऊन ऐकत राहिल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, “तो अडखळतो गं, वहिनी. शब्द त्याच्या तोंडात अडकतात.” घारबाई तेव्हा काचेवर टिंब काढत होती. ती म्हणाली, खोटं बोलणारे सगळेच अडखळतात. पुढच्या रविवारी नकाशेवाल्याने गच्चीवर उन्हात एक मोठा कागद पसरून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या होत्या. तिने वरून नजर टाकली. गल्ल्या, चौक, शाळा, बाटल्यांचा कारखाना, सगळं जिथल्या तिथे. आणि सगळ्याच्या खालून निळ्या नि लाल रेघांचं जाळं. कारखान्याभोवती तर लाल पेन्सिलीने गोल काढलेला. तिच्या स्वतःच्या घराशेजारीही एक छोटा गोल होता.

अकरा तारखेला तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वही घेऊन पोलीस चौकी गाठली.

चौकीवरचे हवालदार अंगाने भरलेले, बोलायला मऊ. दिव्यांचं ऐकताना ते मिशीत हसत होते. बाई, आकाशात दिवे असायचेच, असं काहीसं म्हणाले. तिने काचेवरच्या टिंबांचं सांगितलं, त्यांनी जांभई दाबली. मग तिने नकाशांचं सांगितलं, लाल गोलांचं सांगितलं, संध्याकाळी यंत्रात बोलल्या जाणाऱ्या शब्दांचं सांगितलं, आणि हवालदारांचं हसू ओसरलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कागद घेतला. दिव्यांबद्दल त्यांनी एक ओळसुद्धा लिहिली नाही. माणसाबद्दल पानभर लिहिलं. खाली सही करताना घारबाईला ते खटकलं. पण सही केली.

बारा तारखेला सकाळी दोन शिपाई आले. घारबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती, वन्सं तिच्या मागे. वरून प्रश्न ऐकू येत होते. कुठून आलास, हे नकाशे कुणासाठी, शब्द कुणाला पाठवतोस. आणि प्रत्येक प्रश्नावर एकच उत्तर: “म... म... मी...” पुढे काही नाही. एक शिपाई म्हणाला, तोंडात काय धरलंयस. नकाशेवाल्याने बहुधा चिठ्ठी लिहायला घेतली असावी, कारण कागद ओढल्याचा आणि टरकन फाटल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी त्याला खाली आणलं. एकाच्या काखेत कागदाच्या गुंडाळ्या, दुसऱ्याच्या हातात ते काळं यंत्र. जवळून पाहिलं तर साधा मोबाइल. नकाशेवाल्याचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि आवाज येत नव्हता. त्याने घारबाईकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी सांगायचंय आणि वेळ पुरत नाही, असं.

ते गेल्यावर वन्संनी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, “घाबरलेला माणूस कुठेही अडखळतो. हा फक्त शब्दाच्या तोंडाशी अडखळतो. तीस वर्षं मी आवाज ऐकलेत, वहिनी. मी तुला सांगितलं होतं.”

“तुम्हाला फसवणं काय अवघड आहे,” घारबाई म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

संध्याकाळी ती खुर्ची ओढून खिडकीशी बसली. दोन्ही दिवे एकमेकांना खेटून उभे होते, मध्ये जेमतेम नखभर जागा. दार आतून लावून घेतलं होतं. वन्संही येऊन बसल्या, अंगावर शाल घेऊन. साडेसात झाले, आठ झाले. काही उतरलं नाही, काही फुटलं नाही. दोन्ही दिवे जोडीने खाली गेले आणि टाकीमागे दिसेनासे झाले. समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. तेवढाच आवाज.

झोप काही येईना. नकाशेवाला चौकीवर होता. त्याचा मोबाइल हवालदारांच्या टेबलावर होता. त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि तरी दिवे ठरल्या वेळी आले होते, ठरल्या जागी, तिने पट्टीने काढलेल्या रेघेवर. आधी तिला वाटलं, याचे साथीदार असतील. पण हा विचार तिला स्वतःलाच टिकाऊ वाटेना. कारखान्यात नव्या आलेल्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची: प्रत्येक बाटलीत एकाच जागी ठिपका दिसायला लागला तर बाटल्या फेकत सुटू नका, आधी पडदा पुसा, मग डोळे धुवा. गेले दीड महिने आपण नुसत्या बाटल्या फेकत होतो की काय, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर हवालदार स्वतः दारात उभे. काखेत गुंडाळ्या, चेहरा पडलेला. आत येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, तुमच्या भाडेकरूला काल रात्रीच सोडलं. गटार विभागाचे साहेब येऊन ओळख पटवून गेले. लाल गोल म्हणजे जिथे जिथे गटार तुंबतं त्या जागा. “आणि तुमच्या घराशेजारचंही तुंबतं म्हणे.” ते शब्दही त्यांनी ऐकले होते, मोबाइलमध्ये साठवलेले. वाचा सुधारणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी दिलेला अभ्यास होता तो. रोज मोकळ्या हवेत, ठरल्या वेळी, एकेका अक्षराचे शब्द म्हणायचे आणि आपलेच आपण ऐकायचे. रात्री तो घरी न येता साहेबांकडे राहिला होता.

“आणि दिवे?” घारबाईने विचारलं.

“दिवे माझ्या बायकोने पण पाहिले. ती माहेरी आहे, गाडीने दीड दिवस लागतो. तिथूनही पश्चिमेलाच दिसतात, पावणेसातलाच.” ते उठले. “दिव्यांची ही या महिन्यातली चौथी तक्रार, बाई. पण बाकीच्या तिघांनी दिवेच सांगितले होते. माणूस कुणी दिला नव्हता.”

हे वाक्य तिला झोंबलं. तरी तिने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. कुणाच्याच शब्दावर ठेवायची नाही, तर हवालदारांच्या का ठेवेल? तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. वन्संनी दोन-तीन फोन फिरवले आणि कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई शोधून काढल्या, ज्यांच्याकडे दुर्बीण होती. शनिवारी संध्याकाळी दोघी कॉलेजच्या गच्चीवर गेल्या.

शिक्षिकेने आधी वही मागितली. पानं उलटत गेल्या, पुन्हा मागे गेल्या, आणि विचारलं की हे कोणी केलंय. घारबाईने स्वतःकडे बोट दाखवलं. “इतकी नीट नोंद माझे विद्यार्थी करत नाहीत,” शिक्षिका म्हणाल्या. “हा शुक्र. आणि हा उतरणारा, गुरू. बारा तारखेला दोघं एकाच रेषेत दिसले, ते आपल्याला. एरवी एकमेकांपासून कोट्यवधी मैल लांब.” पहाटेची शुक्राची चांदणी आणि संध्याकाळची, दोन्ही एकच, हेही त्यांनी सांगितलं. काही महिने ती सूर्याच्या मागून येते, काही महिने पुढून. बसबरोबर चालते कारण ती इतकी लांब आहे, की आपण गावभर फिरलो तरी तिच्या दृष्टीने जागचे हललेलोच नसतो.

घारबाईने ऐकून घेतलं, पण ऐकणं म्हणजे पाहणं नव्हे. तिने दुर्बिणीला डोळा लावला. पिवळट दिवा आता छोटा गोल चेंडू झाला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, एका ओळीत, चार बारीक ठिपके.

“काच खराब आहे तुमची,” ती म्हणाली. “चार कण आहेत.”

शिक्षिका हसल्या नाहीत. बघा पुसून, म्हणाल्या. घारबाईने पदराच्या टोकाने डोळ्याकडची काच पुसली. ठिपके होते तिथेच. मग तिने ते भिंग हळूच गोल फिरवलं. काचेत खोट असेल तर ती काचेबरोबर फिरणार, हे तिला सव्वीस वर्षं ठाऊक होतं. भिंग फिरलं, ठिपके फिरले नाहीत. तिने दुसरा डोळा लावून पाहिलं. तेच. मग तिने अंग मागे घेतलं आणि बाजूच्या कठड्यावर बसून राहिली. शिक्षिका सांगत होत्या की ते गुरूचे चंद्र आहेत, पण तिला आता सांगायची गरज नव्हती. खोट काचेत नव्हती आणि आकाशातही नव्हती. उरली कुठे, हे तिला बरोब्बर कळलं होतं.



सोमवारी तिला समजलं की नकाशेवाल्याला गटार विभागाने घरी बसवलंय. चौकीवरून लेखी पत्र आल्याशिवाय कामावर घेणार नव्हते. ती चौकीवर गेली. पाठवतो आठवड्याभरात, असं हवालदार म्हणाले. ती समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, मी थांबते. तासाभराने त्यांनी नाइलाजाने पत्र लिहायला घेतलं. लिहून झालेलं तिने उजेडाकडे धरून वाचलं, तारीख चुकलेली दाखवली, आणि ‘संशय निराधार आढळला’ एवढ्यावर न थांबता तक्रार कोणी केली होती तेही त्यात घालायला लावलं. हवालदार म्हणाले, बाई, तुमचं नाव कशाला. तिने सांगितलं, माझी सही आहे खाली, चूक कुणाची ते दिसू दे. ते पत्र तिने स्वतः गटार विभागात नेऊन साहेबांच्या हातात दिलं, आणि पोच घेतली.

त्या संध्याकाळी ती गच्चीवर गेली. खोलीचं दार उघडं होतं, ट्रंक पलंगावर. नकाशेवाला कपड्यांच्या घड्या घालत होता. तिला पाहून तो उभा राहिला आणि सवयीने खिशाकडे हात नेला.

“लिहू नका,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”

तिने जे सांगायचं ते सांगितलं. दिवे, टिंबं, जिन्यात चोरून ऐकणं, चौकी. एकही गोष्ट गाळली नाही. माफ करा म्हणताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा शब्द छोटा निघाला. त्याने बोलायला तोंड उघडलं. पहिलं अक्षर अडकलं, मानेची शीर उभी राहिली. दुसऱ्याचं वाक्य पुरं करून टाकायची तिची जुनी खोड. दोनदा शब्द तिच्या जिभेवर आला आणि दोन्ही वेळा तिने तो गिळला.

“तु... तुम्ही मला वि... विचारलं असतं,” तो म्हणाला, “तर मला सां... सांगायला वेळ ला... लागला असता.” त्याने श्वास घेतला. “पण मी सां... सांगितलं असतं.”

तो पुन्हा घड्या घालायला लागला, आणि ती खाली आली.

दुसरी खोली मिळाली तसा महिनाअखेरीला तो गेला. राहा म्हणून वन्संनी परोपरीने सांगितलं. त्याने मान हलवून नकार दिला आणि वन्संच्या हातात चिठ्ठी दिली, ‘तुमचे आभार’ अशी. घारबाईसाठी चिठ्ठी नव्हती. काचेवरची पिवळी टिंबं तिने गरम पाण्याने खरवडून काढली. वन्सं आठवडाभर तिच्याशी कामापुरत्या बोलल्या, मग हळूहळू पूर्ववत झाल्या. गच्चीवरच्या खोलीत एक म्हातारं जोडपं राहायला आलं. ते रोज सकाळी कठड्यावर कसली तरी पुरचुंडी ठेवतात हे घारबाईच्या नजरेतून सुटलं नाही. तिने दोन दिवस दम धरला, आणि तिसऱ्या दिवशी वर जाऊन सरळ विचारलं. पाखरांसाठी दाणे होते.

हवालदारांनी मात्र एक उद्योग तिच्या गळ्यात घातला. आकाशातल्या दिव्यांची तक्रार घेऊन कुणी आलं की ते आता घारबाईचा नंबर देऊन मोकळे व्हायचे. आधी तिला वाटलं चेष्टा आहे. पण फोन खरेच येऊ लागले. टेकडीवर उडती तबकडी उतरताना पाहिलेला एक ट्रकवाला, खिडकीवर दुहेरी पडदे शिवून घेतलेली एक शिंपीणबाई. घारबाई प्रत्येकाला आधी दिशा विचारायची, मग वेळ, मग खुर्ची कुठे ठेवायची आणि हनुवटी कशी टेकवायची ते सांगायची.

पावसाळा सरता सरता एका माणसाचा फोन आला. आवाज दबका. पहाटे पूर्वेला भला मोठा दिवा दिसतो म्हणाला, रोज, आपल्या घराच्या बरोब्बर समोर. बायको म्हणते चांदणी आहे, पण बायकोला काय कळतं. घारबाईने सगळं समजावून दिलं. शुक्र आता सकाळच्या बाजूला गेलाय, दहा दिवस टिंबं काढा, तुमचं तुम्हालाच दिसेल.

“ते करीन हो,” तो म्हणाला. “पण माझा चुलतभाऊ समोरच राहतो. त्याच्या छपरावर हल्ली काहीतरी खटपट चालते. मला तर वाटतं...”

“त्याचं नाव कुठे दिलंय का?” तिने मध्येच विचारलं.

“अजून नाही.”

“मग देऊ नका. आज त्याच्याकडे जा आणि विचारा, छपरावर काय करतोस म्हणून. तो सांगेपर्यंत थांबा.”

फोन स्पीकरवर होता, वन्सं शेजारी बसून ऐकत होत्या. मग तो म्हणाला, बघतो. आणि फोन ठेवला. त्याच्या त्या ‘बघतो’चा अर्थ काय लावायचा हे तिने वन्संना विचारलं, कारण आवाजातलं त्यांना जास्त कळत होतं. वन्सं म्हणाल्या, जाईल असं वाटत नाही. घारबाईने तोच नंबर पुन्हा फिरवला.